खालून तपासणारे मास्तर

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. मराठी शाळेत आठवीपर्यंत शिकलो, पुढचं सगळं गुजरातीत, आणि कॉलेजात इंग्रजी. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, म्हणून सुरतेतल्या आमच्या मंडळाच्या अंकाची वेळ आली की सगळे माझ्याकडेच बघतात. इतकी वर्षं टाळलं. यंदा लिहितोय, पण ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांच्याविषयी लिहायचा मला हक्क आहे का, हे मला अजून कळलेलं नाही. वाचून झाल्यावर तुम्ही ठरवा. माझा राग आला तर येऊ द्या. मला स्वतःला तो रोज येतो.

त्यांना सगळे ग्राफमास्तर म्हणत. नावाने हाक मारणारं खात्यात, म्हणजे आमच्या लूमच्या कारखान्यात, कुणी उरलं नव्हतं. ग्राफमास्तरांची पहिली खूण म्हणजे ते कुठलीही वस्तू खालून बघायचे. लग्नपत्रिका हातात दिली तर आधी अगदी तळाची ओळ वाचत, मग वर सरकत. नवी साडी आली की पदर बाजूला करून खालचा काठ चाचपत. मी पहिल्या दिवशी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बुटांकडे पाहिलं.

"हाई बूट कोना शेतस?" त्यांनी विचारलं. म्हणजे हे बूट कुणाचे.

"माझेच."

"तुना नही शेतस. चालस तव्हय टाच बाहेर येस."

बूट खरंच माझ्या मामेभावाचे होते. ते हसले नाहीत, पण माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. त्या खोलीत बसायला मिळणं ही साधी गोष्ट नव्हती, हे मला नंतर कळलं.

खालून बघण्यामागे त्यांचं कारण होतं. जॅकार्डच्या साडीवर मोर, वेल, कोयरी जे काही विणलं जातं, ते आधी चौकटीच्या कागदावर रंगवावं लागतं. एक चौकट म्हणजे एक धागा, वर किंवा खाली. तो कागद म्हणजे ग्राफ. लूमवर कापड खालच्या ओळीपासून चढतं, पण काढणारा माणूस कागद वरून रंगवत येतो. तळाशी पोचेपर्यंत त्याचा हात दुखतो, डोळे चुरचुरतात, घरी जायची घाई होते. "वरतून सगळाच चांगलं काढतस," मास्तर म्हणत, "माणूस खालतून समजस. खालतून दख." नव्या पोराने काढलेला ग्राफ ते उलटा धरून तळापासून बोट फिरवायचे आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत चूक सापडली की अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे.

ओरडायचं दुसरंही कारण होतं. तरुणपणी ते लूमवर होते आणि लूमच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते. आमच्या गोडादऱ्यात घरोघरी असे बाप आहेत, माझाही आहे. चहा मागितला तरी भांडण चालू आहे असं वाटतं. पण मास्तरांच्या बाबतीत बऱ्याचदा खरंच भांडण चालू असे. ग्राफला कुणी रबरबँड लावला की ते खवळत. रबराने कागदाला कंबर पडते, आणि कंबर पडलेल्या ओळीत मशीनवाला हमखास चुकतो, असं त्यांचं म्हणणं. ते रबरबँडला फास म्हणत. "कोणी फास लावा मना कागदले?" अशी आरोळी आली की कारीगर एकमेकांकडे बघून हसायचे आणि रबरबँड खिशात लपवायचे.

मोरावरून त्यांचं शेठशी कायमचं वाकडं होतं. शेठला प्रत्येक साडीत मोर हवा. इतर काढणारे मोराचे पाय गवतात किंवा पानात लपवून मोकळे होत, कारण पाय काढणं कटकटीचं असतं. मास्तर पाय काढायचे. नख्यांसकट. "मोरले पाय बी ऱ्हातस ना? का तो हवामा उडी राहिना?" पायांमुळे ग्राफ लांब व्हायचा, शेठ गुजरातीत कुरकुर करायचे, आणि मास्तर ऐकू आलं नाही असं दाखवायचे. कानाचा एवढा एक फायदा त्यांना होता.

मी तिथे गेलो ते कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी. कुठल्यातरी धंद्यात जाऊन खरं काम करायचं, आणि धंदेवाल्याने काम झालं असं सर्टिफिकेट द्यायचं, असा नियम होता. माझा बाप त्याच शेठच्या खात्यात लूम चालवायचा, म्हणून मला जागा मिळाली. शेठचा भाचा तेव्हा नवीनच ऑफिसात बसू लागला होता. त्याला सगळे छोटे शेठ म्हणत. त्याने कुठेतरी ऐकलं होतं की आता सगळं क्लाउडमध्ये असतं. त्याने भाड्याचा डेटाबेस घेतला होता, म्हणजे दूरच्या कुठल्यातरी कंपनीच्या मशीनवर चालणारा, आणि त्यात सगळे ग्राफ चढवायचं काम माझ्यावर टाकलं. "एक ही जगह सब चाहिए," तो म्हणाला. "नंबर मारा, फोटो आ गया. बस."

तीन महिने मी मास्तरांच्या खोलीत बसून त्यांचे ग्राफ स्कॅन केले. ते एकेक कागद कापडी पिशवीतून काढायचे, फुंकर मारायचे, मशीनवर स्वतः ठेवायचे. मला हात लावू देत नसत. दुसऱ्या महिन्यात लावू दिला. कागद ठेवता ठेवता ते सांगायचे की अमुक साडी कुणाच्या लग्नासाठी विणली होती, तमुक ग्राफ काढताना मुलगी आजारी होती म्हणून त्यातली पानं जरा वाकडी आहेत. हे सगळं कशासाठी चाललंय तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता डिझाइन सॉफ्टवेअरवर निघतं, त्यांची खुर्ची जाणार होती. पण त्यांचा एक बेत होता. त्यांचा जावई कोसाडला राहायचा, तो कॉम्प्युटरवर डिझाइन शिकत होता. शेठने कबूल केलं होतं की स्कॅन झालं की कागद मास्तरांचे. ते कागद घेऊन जावयाच्या घरी दोघांनी छोटं काम सुरू करायचं. मास्तरांचे ग्राफ, जावयाचं कॉम्प्युटर. "मंग मी कोणासंगे भांडसू?" ते म्हणाले. "जावईसंगे भांडता येत नही." इतकं खूश झालेलं मी त्यांना दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

याच काळात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती मी ऐकली असती तर आज हे लिहायला बसलो नसतो. त्यांच्याकडे एक लांबोडकी वही होती. वहीत ग्राफचा नंबर, साडीचं नाव, रंग किती, आणि शेवटच्या रकान्यात कपाटाचा कप्पा. ग्राफ कधी वहीत ठेवला नाही, घडी करूनही नाही. मी काय करतोय ते त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं की डेटाबेस म्हणजे तुमच्या वहीसारखंच, फक्त माझ्या वहीत चित्रसुद्धा रकान्यातच बसतं.

"वहीमा चित्र ठेवस?" ते ओरडले. "कोणी शिकाडं तुले? वही येगळी, माल येगळा. वहीमा फक्त सांगानं, माल कथा शे."

माल कुठे आहे एवढंच वहीने सांगायचं, म्हणे. मी हसलो. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काय कळतंय. नोकरी लागल्यावर माझ्या वरिष्ठाने पहिल्याच आठवड्यात मला नेमकं हेच सांगितलं. चित्रं वेगळ्या ठिकाणी ठेवायची, डेटाबेसमध्ये फक्त पत्ता लिहायचा. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन भिंतीवर हात आपटला.

आता मी काय केलं ते सांगतो. डेटाबेसच्या रकान्यात किती मोठा माल मावेल हे आधी ठरवावं लागतं. मी पुस्तकात बघून चित्रासाठीचा सगळ्यात साधा प्रकार लिहिला. त्यात चौसष्ट केबी मावतं, त्याहून जास्त नाही. हे पुस्तकात पुढच्याच पानावर होतं. मी पुढचं पान वाचलं नाही, कारण परीक्षेत ते येत नव्हतं. छोट्या बुट्ट्यांचे चार-पाच ग्राफ चढवून पाहिले, नीट उघडले. मग खरे मोठे ग्राफ चढवले. त्यातला एकेक शंभर, दीडशे केबीचा. तो डेटाबेस अशा सैल सेटिंगवर चालू होता की जास्तीचं निमूट कापून टाकायचा आणि काम झालं असं सांगायचा. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. यादीचं पान सुंदर दिसावं म्हणून मी प्रत्येक ग्राफचा फक्त वरचा चौकोन दाखवला होता. मोरांची डोकी, तुरे, एका ओळीत. छोटे शेठने पाठ थोपटली. एकही ग्राफ मी तळापर्यंत उघडून पाहिला नाही. तीन महिने त्या माणसाशेजारी बसून मी हे शिकलो होतो!

ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये जागा उरली नाही म्हणून स्कॅनच्या मूळ फायली मी स्वतःच्या हाताने पुसल्या. सगळं क्लाउडमध्ये होतं ना.

त्यानंतर मास्तरांना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं गेलं. कागद आठ दिवसांनी न्या, असं शेठ म्हणाले. आणि त्या आठ दिवसांत छोटे शेठने खोली रिकामी करून तिथे ग्राहकांना बसायला सोफा टाकला. कपाटातलं सगळं रद्दीत गेलं. मी कॉलेजात होतो, परत आलो तेव्हा पिशव्यासुद्धा नव्हत्या. माझ्या बापाने ते टेम्पोत चढताना पाहिलं होतं. तो काही बोलला नाही. त्याच्यावरही मी चिडलो होतो, पण शेठच्या नोकरीत असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं आणि मला येत होतं. तरीही मी बोललो नाही.

मास्तर सांगितलेल्या दिवशी दुपारी आले. जावयाची मोटरसायकल मागून आणली होती, कॅरिअरला दोरी बांधलेली. सोफा बघून दारातच थांबले.

"कागद?"

"अरे मास्टरजी, कागज का क्या करोगे?" छोटे शेठ म्हणाला. "सब इसमें है. ये लड़का पेनड्राइव में दे देगा. जेब में लेके जाओ, दोरी की भी जरूरत नहीं."

मोठे शेठ आत हिशेबात होते. त्यांनी मान वर केली. "कागळ तो तमाराज हता, मास्टर," एवढं बोलून पुन्हा मान खाली घातली. कागद तुमचेच होते. होते.

मास्तर ओरडले. असे ओरडले की खालच्या मजल्यावरचे कारीगर जिन्यात येऊन उभे राहिले. शिव्या मी इथे लिहीत नाही, पण एकही चुकीची नव्हती. मग दमले, सोफ्यावर न बसता माझ्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "दखाड." दाखव.

मी पेनड्राइव्ह भरला आणि पहिला मोर उघडला. मास्तरांनी बोट खाली केलं. "खालतून."

मी खाली सरकवलं. मान आली, छाती आली, आणि मग राखाडी. तळापर्यंत नुसती राखाडी पट्टी. मी दुसरा उघडला. वेल अर्ध्यावर आणि राखाडी. तिसरा, चौथा. एकाही मोराला पाय नव्हते.

"काय व्हयनं हाई?" मास्तरांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात.

छोटे शेठने वाकून पाहिलं. त्याला काही कळलं नव्हतं, पण गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "मास्टरजी, बुरा मत मानना. आपका हाथ का काम है ना, मशीन पूरा उठाता नहीं. आधा उठाके छोड़ देता है. पुरानी चीज है."

माझ्यासमोर फायलींची यादी उघडी होती. प्रत्येक मोठ्या ग्राफपुढे एकच आकडा. चौसष्ट केबी, चौसष्ट केबी, चौसष्ट केबी, खालपर्यंत. ते बघितल्या क्षणी मला सगळं कळलं. मशीनने पूर्ण उचललं होतं, मी भांडं लहान ठेवलं होतं. हे मी इथे नीट लिहितो, कारण नंतर कळलं असं मी दोघातिघांना सांगितलं आहे आणि ते खोटं आहे. मला तेव्हाच कळलं.

मास्तर माझ्याकडे वळले. "पोऱ्या, तू कॉलेजमा शिकस. खरं शे का हाई? मना हातनं काम मशीन घेत नही?"

छोटे शेठ माझ्याकडे बघत होता. माझं सर्टिफिकेट त्याच्या टेबलावर होतं, सही व्हायची होती. जिन्यात कारीगर उभे होते आणि त्यात माझा बाप होता.

"हो मास्तर," मी म्हणालो. "हाताच्या कामाला होतं असं कधी कधी."

त्यांनी मान हलवली. पेनड्राइव्ह टेबलावरच ठेवला. उठताना माझ्या खांद्याला धरून उठले. जिना उतरताना कारीगरांनी वाट दिली. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, आणि बस.

सही झाली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी यादीचं पान बघितलं, मोरांच्या डोक्यांची ओळ बघितली, आणि चित्रं डेटाबेसमध्येच सुरक्षित ठेवली हे फार छान केलं असं म्हणाले. त्यांनीही एकसुद्धा चित्र उघडलं नाही. मला फर्स्ट क्लास मिळाला. आईने चाळीत पेढे वाटले. लोक मला विचारतात, इतका चिडचिडा कशाने झालास? कशाने होणार? ज्यांनी वरचा चौकोन बघून पाठ थोपटली त्या सगळ्यांवर मी चिडलेला आहे. ज्याने कबूल केलेले कागद रद्दीत जाऊ दिले आणि मान खाली घातली त्याच्यावर. छोटे शेठवर तर आहेच, पण त्याला निदान खरं माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

चूक दुरुस्त करायला एक शब्द बदलावा लागला असता. रकान्याचा प्रकार मोठा करायचा. एक ओळ, अर्धं मिनिट. पण त्यासाठी मूळ चित्रं हवी होती.

रद्दीवाल्याकडे मी गेलो होतो. मास्तर येऊन गेले त्याच्या चौथ्या दिवशी. माल पुढे गेला म्हणाला. कुठे, ते त्यालाही सांगता येईना. आणि मग मी मास्तरांकडे जायचं ठरवलं, खरं सांगायचं ठरवलं, आणि रोज उद्यावर ढकललं. परीक्षा होऊ दे, निकाल लागू दे, नोकरी लागू दे. नोकरी लागली. पहिल्या सुट्टीला कोसाडला गेलो तर जावयाच्या घराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, म्हातारा गावी गेला, तिकडे अमळनेरच्या बाजूला, आणि जावयाने कॉम्प्युटर विकलं, कामासाठी चलथाणला राहायला गेला. फोन नंबर तिच्याकडे होता तो लागत नव्हता. मी मनात म्हटलं, गावी जाईन. दिवाळीत जाईन. गेलो नाही. प्रत्येक वेळी बोलायची वाक्यं तयार असायची आणि प्रत्येक वेळी त्यात माझी चूक थोडी लहान झालेली असायची. हे लक्षात आल्यावर मला माझीच किळस आली.

गेल्या महिन्यात शेवटी चलथाणला गेलो. साखर कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती, तिथे दोन-तीन जणांना विचारत जावयापर्यंत पोचलो. तो एका ट्रॅक्टरखाली सावलीला बसून डबा खात होता. मी ओळख दिली. त्याने डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. मी विचारायच्या आधीच तो सासऱ्यांविषयी बोलला.

"मामा गेले ना. संक्रांतीच्या आधी. तुम्हाला कळवायचं राहिलं, तुमचा नंबर नव्हता."

मी त्याच्याशेजारी बसलो. आजारी होते का, असं काहीतरी विचारलं.

"आजारी नाही, थंडी बाधली. सकाळी गरम पाण्याशिवाय आंघोळ नको, आणि लाकडं मिळेनात. त्यांच्याकडे तिकडे गावी एक गोणी होती, आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. तरुणपणचे ग्राफ, सुरतेला यायच्या आधी कुणाकडे तरी शिकले तेव्हाचे. शेठकडे कधी नेलेच नव्हते. दोनशे तरी असतील, एकाला डाग नाही. तेच आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घालायला लागले, रोज चार-पाच."

"आणि तुम्ही..."

"मी गावी गेलो तेव्हा म्हटलं ना. म्हटलं, मामा, राहू द्या, मी कॉम्प्युटर पुन्हा घेईन, एकेक चढवू. ऐकेनात." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "म्हणाले, मशीन घेत नही भो. त्या कॉलेजना पोऱ्यानी सांगं माले. आनि तो पोऱ्या खोटं बोलस नही."